काढ्याचा तिसरा हिस्सा

मी मोजण्याची साधनं तपासतो. बहरीनमध्ये, मीना सलमानच्या वर्कशॉपांच्या ओळीत आमचं एक लहान वर्कशॉप आहे, तिथे मला एकोणीस वर्षं झाली. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे आमच्याकडे येतात. ते आम्ही खात्रीच्या साधनाशी ताडून बघतो आणि किती चुकतात ते कागदावर लिहून देतो. अगदी बरोबर असं कुठलंच साधन नसतं. किती चुकतं, एवढंच सांगता येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मी नेमकं हेच विसरलो.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो ठरली. पहिल्या चार केमो एका लाल औषधाच्या, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. औषध खरंच लाल होतं, कोकमाच्या सरबतासारखं. आमच्या डॉक्टर बाई इथल्याच, बहरीनच्या. आम्हाला समजावं म्हणून इंग्रजी सावकाश बोलायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की हे औषध चांगलं आहे, पण काही जणांच्या हृदयाला त्रास देतं, म्हणून मधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहू.

बायकोचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. तेव्हापासून तिच्या माहेरी हृदय हा शब्द जरा खालच्या आवाजातच बोलतात. डॉक्टरांनी तो उच्चारला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी वहीकडे पाहिलं.

इकोमधून एक आकडा येतो. दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं, तो आकडा. पहिल्या केमोच्या आधी तिचा चौसष्ट होता. दुसरीनंतर पंचावन्न आला.

"पन्नासच्या खाली गेला तर हे औषध मला थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं देता येईल, पण तुमच्या केसमध्ये माझी पहिली पसंती हीच आहे. तिसरी देऊ. चौथीच्या आधी परत बघू."

चौसष्टाचे पंचावन्न, म्हणजे दोन केमोत नऊ. आणखी एकीला साडेचार धरले तर साडेपन्नास. घरी येऊन मी हा हिशेब वहीत मांडला. आता लाज वाटते. माणसाचं हृदय काही टाकीतल्या पाण्यासारखं सरळ रेषेत उतरत नाही. पण तेव्हा मला साडेपन्नास हा आकडा भिंतीवर लिहिल्यासारखा दिसत होता.

आम्ही मुहर्रकमध्ये, विमानतळाजवळ, दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या. दुसऱ्या केमोनंतर बायको सतराव्या पायरीवर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, कठड्याला धरून थांबायला लागली. मी पिशव्या घेऊन मागे उभा राहायचो. वरून विमान गेलं की दोघांनाही न बोलायला निमित्त मिळायचं.

कराडहून तिची मोठी बहीण तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली होती. त्यांना मी ताईच म्हणतो. बालवाडीत तीस वर्षं शिकवलेल्या बाई. माणूस लहान आहे की मोठा याचा फारसा विचार न करता त्या सगळ्यांशी एकाच आवाजात बोलतात.

चिनी औषध आलं ते माझ्या कामातून. हिद्दला एका बांधकामावरचा चिनी इंजिनीअर महिन्यातून एकदा गेजची पेटी घेऊन आमच्याकडे यायचा. चाळिशीचा, अबोल माणूस. बोलायचं असलं की फोनमध्ये चिनी बोलायचा आणि फोन मला हिंदीत सांगायचा. त्या दिवशी मी त्याच्या एका सर्टिफिकेटवर गेजचा नंबर चुकीचा लिहिला. इतक्या वर्षांत तसं झालं नव्हतं. त्याने कागद परत माझ्याकडे सरकवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोनमध्ये काहीतरी बोलला. फोन म्हणाला, "आपके घर में कोई बीमार है?"

मी सांगितलं. लाल औषध म्हटल्यावर त्याने मान हलवली. त्याच्या आईलाही तेच दिलं होतं. त्याने फोनवर फोटो दाखवला: कोबीच्या वाफ्यात उभी असलेली एक ठेंगणी बाई, हातात खुरपं. त्या आजाराला सहा वर्षं झाली होती. केमो चालू असताना त्यांच्या गावच्या वैद्याने हृदय सांभाळण्यासाठी मुळ्यांचा काढा दिला होता.

पुढच्या आठवड्यात त्याने एक खोका आणून दिला. आत कागदाच्या तीस पुड्या, रोजची एक. सोबत चिनी लिहिलेला कागद, वर मुळ्यांची नावं, खाली कृती. नावं त्याच्या फोनला जमली नाहीत, कृतीचं भाषांतर त्याने करून दिलं: लोखंड-ॲल्युमिनियमचं भांडं नको, मातीचं हवं. अर्धा तास भिजवा. उकळा, गाळा. त्याच मुळ्या पुन्हा उकळा, गाळा. दोन्ही पाणी एकत्र करा. अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी.

मी एक पुडी वर्तमानपत्रावर उघडली. पिवळट लाकडी चकत्या, विटकरी रंगाच्या बारीक मुळ्या, करवंदं वाळल्यासारखी काळपट लाल फळं, आणखी दोन-तीन गोष्टी. ताईंनी एक तुकडा उचलून चावला.

"हे तर ज्येष्ठमध."

"बाकीचं काय आहे?"

"बाकीचं चीन," ताई म्हणाल्या. "भाऊजी, हृदयाला आपल्याकडं अर्जुनाची साल आहे की. सांगितलं असतंत तर पिशवीभर आणली असती. हे इतक्या लांबचं कशाला?"

"त्याच्या आईने हेच घेतलं होतं."

"आणि ती बरी आहे?"

"कोबी लावते."

ताईंनी यावर विचार केला. "मग ठीक आहे," म्हणाल्या.

मला मात्र ठीक वाटत नव्हतं. एका बाईवरून काही ठरत नाही, एवढं मला कळतं. एक गेज बरोबर निघालं म्हणून पेटी पास करत नाही आम्ही. मी मुलीला कागदावरची चिनी नावं इंटरनेटवर बघायला सांगितली. ती अकरावीत आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तासभर बसून ती म्हणाली, "बाबा, मोस्टली रॅट्स."

"म्हणजे?"

"प्रयोग उंदरांवर आहेत. हार्ट प्रोटेक्ट होतं म्हणतात. माणसांवरचे पण आहेत थोडे, बट छोटे. आणि खाली सगळीकडे लिहिलंय, मोअर रिसर्च नीडेड."

"मग द्यावं की नाही?"

"आय डोन्ट नो, बाबा. डॉक्टरांना विचारा ना."

सोळा वर्षांच्या मुलीने सांगितलेली ही गोष्ट मी केली नाही. का केली नाही, हे अजूनही मला नीट सांगता येत नाही. डॉक्टर नको म्हणतील ही भीती होतीच. पण हो म्हणतील आणि मग जबाबदारी सगळी आपली, अशीही एक भीती होती. आणि आपल्या घरांत काढा हे औषधात मोडतच नाही. सर्दीला काढा घेतला तर आपण डॉक्टरला सांगतो का?

तिसऱ्या केमोच्या चार दिवस आधी काढा सुरू झाला. त्यासाठी मी आली गावच्या कुंभारांकडून झाकणाचं मातीचं भांडं आणलं. कृती मराठीत लिहून गॅसच्या वर चिकटवली. वहीत दोन रकाने वाढवले, काढा सकाळ आणि काढा संध्याकाळ. आधीचे रकाने होतेच: तारीख, तिचं वजन, तिची नाडी, पायऱ्यांवर किती वेळा थांबली आणि माझा रक्तदाब. मला सहा वर्षं रक्तदाबाची गोळी आहे. मी तो रोज सकाळी मोजतो, ती जुनी सवय.

मी सात वाजता कामावर निघतो, त्यामुळे काढा ताई करायच्या. संध्याकाळी मी विचारायचो, "सकाळचा घेतला?"

"घेतला."

"संध्याकाळचा?"

"घेतला हो. तोंड बघा तिचं, कळेल."

बायको खरंच तोंड वाकडं करून बसलेली असायची. मी खूण करायचो.

तिसऱ्या केमोच्या दिवशी वॉर्डात नेहमीचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न असतो: याखेरीज कुठली औषधं, व्हिटॅमिन किंवा वनस्पती घेता का? आधीच्या दोन्ही वेळा मी 'नाही' लिहिलं होतं. या वेळी पेन त्या रकान्यावर थांबलं. 'नाही' लिहिणं खोटं झालं असतं, म्हणून मी तो कोराच ठेवला. मल्याळी नर्सने फॉर्म घेतला, वरवर पाहिला आणि फाइलला लावला. कामावर एखाद्याने रकाना कोरा ठेवला तर मी तो कागद परत पाठवतो.

पुढच्या दिवसांतलं आणखी एक सांगायला हवं. घरचा चहा कडवट लागायला लागला. ताई आलं भरपूर घालायच्या, तरी मागे काहीतरी मातकट गोड-कडू रेंगाळायचं. मला वाटलं पाण्याचा फिल्टर गेला. मी तो बदलला. चव तीच. कामावरून मीटर आणून पाण्याचा क्षार मोजला, तो ठीक निघाला. मग मी समजलो, की काळजीने तोंडाची चव गेली असेल. वहीत माझा रक्तदाब एकशे अठ्ठावीसवरून एकशे छत्तीस, मग एकशे चव्वेचाळीस झाला होता. त्याच्यापुढे मी लिहिलं: ताण.

तिसरीनंतर अठराव्या दिवशी इको झाला. आकडा आला एकोणसाठ.

कागद हातात घेऊन मी तिथल्याच खुर्चीवर बसलो. पन्नासची वाट बघत होतो आणि चार वाढले होते. काढ्याचे बावीस दिवस झाले होते. त्या क्षणी मी सरळ मान्य करून टाकलं, की त्या चिनी माणसाच्या आईच्या मुळ्यांनी हे केलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग चौथी देतील ना?"

"देतील असं वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"देतील."

तिचं वजन करायला नर्स आली होती. मशीन तिथेच होतं, म्हणून ती हसत मला हिंदीत म्हणाली, "आपका भी देख लेते हैं, अंकल, आप पसीना-पसीना हो रहे हैं." पट्टा फुगला आणि उतरला. एकशे बावन्न. खालचा चौऱ्याण्णव. तिने परत मोजला. तोच. "गोळी चुकवली का? काही नवीन खाणं-पिणं?" मी नाही म्हणालो. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं.

घरी सतराव्या पायरीवर बायको थांबली आणि मीही थांबलो. कानांत ठोके ऐकू येत होते, आणि ते माझे होते.

ताईंनी दार उघडलं. मी एकोणसाठ सांगितला. त्यांनी देवाला हात जोडले. मग बायको म्हणाली, "आणि यांचं प्रेशर वाढलंय. एकशे बावन्न."

ताईंचा चेहरा बदलला. त्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "मग भाऊजींचा काढा बंद करायला हवा."

"माझा काढा?" मी म्हणालो.

मुलीने कानातला इअरफोन काढला.

"ताई, माझा कुठला काढा?"

"चहातला," ताई म्हणाल्या.

"चहात काढा घालत होतात?"

"तिसरा हिस्सा. तिला एक, मला एक, तुम्हाला एक. चार करणार होते, पण ही पोरगी पहिल्याच दिवशी बेसिनमध्ये थुंकली."

"मावशी, इट वॉज डिस्गस्टिंग," मुलगी म्हणाली.

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "सगळे घेणार असाल तर घेते म्हटलं. अहो, आमच्या आईकडे तुम्ही बघितलं नाही का? एकाला कडू असलं की सगळ्यांना. एकट्याला नाही पाजायचं. ताईला गोवर झाला तेव्हा आम्ही चौघा भावंडांनी काढा प्यायलाय."

मी बघितलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा कराडला गेलो तेव्हा सासऱ्यांना साखर होती म्हणून ताटाआधी प्रत्येकापुढे कारल्याच्या रसाची वाटी आली होती. मी जावई, तरी माझ्यापुढेही आली होती. मी ती निमूट प्यायलो होतो आणि विसरून गेलो होतो.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही प्यायला असतात?" ताई म्हणाल्या. "आधी तीन वाट्या तराजूवर ठेवल्या असत्यात."

"आणि मी फिल्टर बदलला तेव्हा?"

"तो बदलायलाच झाला होता, भाऊजी."

बायकोला हसू आलं. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती. तोंडावर ओढणी धरून ती हसत होती आणि मला रागवायचं होतं ते राहून गेलं.

मी वही घेऊन बसलो. त्रेचाळीस खुणा. एकही खूण खोटी नव्हती आणि एकही खरी नव्हती. तिला मिळाला होता तिसरा हिस्सा. आता एकोणसाठचं काय करायचं? तिसऱ्या हिश्श्यानेच चार वाढले? मग पूर्ण दिला असता तर? की काढ्याने काहीच केलं नाही? पण काहीच करत नसेल तर माझं प्रेशर कशाने चढलं? मी ताईंना खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. एकशे अठरा. तेवढाच काढा, तेवढेच दिवस, आणि त्यांना ढिम्म काही नाही.

"मी सांगते ना, मला काही होत नाही," ताई म्हणाल्या. जणू परीक्षेत पास झाल्या.

मला मात्र आता वेगळीच भीती वाटायला लागली. इतके दिवस मनात कुठेतरी धरून चाललो होतो, की झाला तर फायदा, नाही तर नुसतं पाणी. हे नुसतं पाणी नव्हतं, हे माझ्याच दंडावर कळलं होतं. माझ्या अंगात शिरून ते काहीतरी करत होतं. मग तिच्या अंगात, त्या लाल औषधाच्या शेजारी बसून, ते काय करत होतं? त्या संध्याकाळचा काढा मी देऊ दिला नाही. ताईंनी तो सिंकमध्ये ओतला.

दोन दिवसांनी डॉक्टरांची वेळ होती. मी एक पुडी, तो चिनी कागद, त्याचं भाषांतर आणि वही घेऊन गेलो. सगळं सांगितलं, कोऱ्या रकान्यासकट. चहाचं सांगताना इंग्रजी अडखळलं. "माझ्या मेहुणीने काढा माझ्या चहात घातला," असं म्हणालो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या संमतीशिवाय?"

"ती आमची पद्धत आहे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावरची मुळ्यांची यादी खालच्या औषधखान्यात पाठवली, फोनवर बोलल्या आणि मग मला समजावून सांगितलं. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर काहींचा रक्तदाब चढतो, माझ्यासारखा. ती विटकरी मुळी रक्त पातळ करू शकते, आणि केमोत आधीच रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात.

"पण हृदयाला उपयोग होतो का?" मी विचारलं.

"होत असेल. या मुळ्यांवर काम चालू आहे, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण तुमच्या पुडीत काय, किती आहे आणि ते माझ्या औषधाशी काय करतं, हे मला माहीत नाही. माहीत नाही ते मी आता चालू ठेवू शकत नाही."

"मग एकोणसाठ?"

"पंचावन्न आणि एकोणसाठ," त्या म्हणाल्या, "यांत मी फार फरक मानत नाही. तोच माणूस, तेच मशीन असलं तरी इकोत पाचएक इकडेतिकडे होऊ शकतात. दोन्ही वेळा इको करणारी एकच होती का?"

मी वही उघडली. तारीख होती, वेळ होती, आकडा होता. इको कोणी केला, ते नव्हतं. आमच्या सर्टिफिकेटवर पहिल्या ओळीत तपासणाऱ्याची सही असते, तिच्याशिवाय कागद बाहेर जात नाही. साधन किती चुकतं हे दुसऱ्यांना एकोणीस वर्षं लिहून देत आलो आणि बायकोच्या बाबतीत आकडा आला तसा खरा धरला. पंचावन्नही आणि एकोणसाठही.

"म्हणजे ते पंचावन्नसुद्धा..."

"कदाचित साठ होते. कदाचित पन्नास. म्हणून आपण एका आकड्यावर जात नाही."

बायको डॉक्टरांना म्हणाली, तिच्या इंग्रजीत, "डॉक्टर, फोर्थ यस ऑर नो?"

"एक आठवडा थांबू. काढा पूर्ण बंद. रक्त तपासू, इको परत करू. मग सांगते."

त्या आठवड्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. केमो एक आठवडा पुढे गेली, तीही माझ्यामुळे. त्याचा काही तोटा होईल का, हे विचारायचं मी टाळलं आणि मग रोज त्याचाच विचार केला. ताई चहा माझ्यासमोर करायला लागल्या. भांडं वाकडं करून आत दाखवायच्या. "बघा. आलं, साखर, पत्ती. अजून काही दिसतंय?"

"ताई, राहू द्या."

"नाही, बघाच. नंतर म्हणाल."

माझा रक्तदाब उतरत गेला. नवव्या दिवशी एकशे अडतीस. साधा, सरळ पुरावा: दिलं तेव्हा चढला, काढलं तेव्हा उतरला. असा स्पष्ट निकाल मला माझ्या हृदयाबद्दल मिळाला, ज्याची कोणालाच काळजी नव्हती.

इकोच्या दिवशी मी तंत्रज्ञ मुलीला विचारून घेतलं, की आधीचे तू केले होतेस का. "दुसरा मी केला होता," ती म्हणाली. "तिसरा माझ्या सुट्टीत झाला." पंचावन्नवाला तिचा होता. मी ते वहीत लिहिलं. पंधरा मिनिटांनी आकडा आला. सत्तावन्न.

डॉक्टरांनी तो पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "ठीक आहे. उद्या चौथी."

म्हणजे काढा बंद केल्यावर एकोणसाठचे सत्तावन्न झाले, म्हणून काढ्याने फायदा होत होता? की त्याच मुलीच्या हाताखाली पंचावन्नचे सत्तावन्न झाले, म्हणून हृदय आपलं आपण सावरत होतं? की तिन्ही वेळा आकडा एकच होता आणि आम्ही उगाच त्याला चढवत-उतरवत होतो? वॉर्डात लाल औषध थेंबाथेंबाने जात होतं आणि मी हे बायकोला सांगत होतो. तिने डोळे मिटलेले होते.

"अहो," ती म्हणाली, "देतायत ना? मग पुरे."

फॉर्ममध्ये त्या रकान्यात मी लिहिलं: बावीस दिवस चिनी काढा, तिसरा हिस्सा, आता बंद. नर्सने वाचलं आणि विचारलं, "तिसरा हिस्सा मतलब?" मी म्हणालो, लंबी कहानी है.

ताई व्हिसा संपल्यावर गेल्या. उरलेल्या आठ पुड्या कपाटात राहिल्या, कारण कोणी प्रेमाने दिलेलं औषध बायको टाकू देत नाही. त्या इंजिनीअरचं हिद्दचं काम संपलं तेव्हा तो शेवटची पेटी घेऊन आला. बायकोचं विचारताना त्याने छातीवर हात ठेवला. मी त्याच्या फोनवर ५७ टाइप केलं. ते त्याला भाषांतराशिवाय कळलं. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि हलवत राहिला. बाकीचं त्याला सांगायला हवं होतं. माझ्या स्वभावाला ते धरून झालं असतं. मी फोन हातात घेऊन बोलायला सुरुवात केली, "देखिए, असल में..." आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. असल में काय, हे मला तरी कुठे माहीत होतं? "शुक्रिया," मी म्हणालो. फोनने ते त्याला सांगितलं.

आता लाल औषध संपलं, पुढचंही संपत आलं. इको वर्षभर होत राहतील. डॉक्टर म्हणतात, हृदयावरचा परिणाम कधी कधी उशिराही दिसतो.

परवा संध्याकाळी बायको आणि मी बाजारातून परत आलो. ती पुढे, फोनवर ताईंशी बोलत जिना चढत होती. मी मागे, भाजीच्या पिशव्या घेऊन. नेहमीच्या सवयीने पायऱ्या मोजत होतो. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्या पायरीवर ती थांबली.

"दम लागला?" मी विचारलं.

तिने मागे वळून फोनवर हात ठेवला. "नाही हो. ताई विचारत्येय, तुमचं प्रेशर आज किती होतं?"

"एकशे तीस," मी म्हणालो. "पण तू थांबलीस का? दम लागला म्हणून की ताईंनी विचारलं म्हणून?"

तिने जरा विचार केला. तिचा एक हात कठड्यावर होता.

"ताईंनी विचारलं म्हणून," ती म्हणाली. "असेल."

आणि फोन परत कानाला लावून वर चढायला लागली. मी मागून उरलेल्या सतरा मोजल्या. वर पोहोचल्यावर वही काढली, पायऱ्यांच्या रकान्यात एक लिहिलं, मग खोडलं, मग परत एक लिहून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं.